मादी घरट्यावर बसते ती वेळ

आंजीत मी तीस वर्षं सिस्टर होते. गावातली निम्मी तरुण पोरं पहिल्यांदा माझ्या हातात रडली. आता तीच पोरं रस्त्यात मोटारसायकल थांबवून पाया पडतात आणि मी त्यांना सांगते, पाया नंतर पडा, आधी हेल्मेट घाला. सिस्टरची जीभ तिखट पण हात गुणाचा, असं गाव म्हणतं. म्हणजे म्हणत होतं. आता काय म्हणतं ते मी कुणाला विचारलेलं नाही.

माझं नाव लेआ झिराडकर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. इथं हे समजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. कुणाला आम्ही ख्रिश्चन वाटतो, कुणाला मुसलमान. दाराच्या चौकटीवर प्रार्थनेची डबी आहे, ती बघून वायरमननं एकदा विचारलं होतं, याचं कनेक्शन कुठून घेतलं? आमचे हे रेल्वेत गार्ड होते. वर्ध्याला बदली झाली, मला आंजीत नोकरी मिळाली आणि मग आम्ही इथंच घर बांधलं. ते जाऊन अकरा वर्षं झाली. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत मी दिवा लावते, शनिवारी शिवणाची सुईसुद्धा हातात धरत नाही. माझा धर्म तेवढाच. बाकी आज्ञांच्या नादी मी कधी लागले नव्हते.

माझी मुलगी याएल. एकुलती एक. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन ठाण्याला गेली. तिला तीनदा दिवस राहिले आणि तीनदा गेले. दोन वेळा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्यात. तिसऱ्या वेळेनंतर तिनं माझ्याशी दोन महिने फोनवर फक्त भाजी काय केली एवढंच बोलणं ठेवलं होतं. चौथ्या वेळी पाचवा महिना सरला, सहावाही सरला, तेव्हा मी तिला म्हटलं, आता इकडे ये. माझ्यासारखी सिस्टर घरात असताना तू लिफ्टच्या इमारतीत एकटी काय बसतेस? जावई एझ्रा तिला सोडून गेला. जाताना म्हणाला, "आई, आता तुमच्या हवाली." मी म्हटलं, "निर्धास्त जा."

बाळाची हालचाल मोजायला मी तिला चिंचोके दिले. ही माझी जुनी पद्धत. दोन वाट्या घ्यायच्या, उजवीत दहा चिंचोके ठेवायचे. जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं. बाळ हललं की एक चिंचोका डावीत. दोन तासांत दहाही डावीत गेले पाहिजेत. नाही गेले तर वाट बघत बसायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. गावातल्या दीड-दोनशे बायकांना मी हे शिकवलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही हे येत होतं. याएलचे चिंचोके अर्ध्या तासात संपायचे. "आई, हा आत कबड्डी खेळून राह्यला," असं ती मुद्दाम इथल्या बोलीत म्हणायची, कारण लहानपणी ती तसं बोलली की मी तिला दटावत असे.

तिच्या खोलीच्या खिडकीबाहेर कूलर आहे. फेब्रुवारी संपता संपता त्याच्या डोक्यावर एका होल्याच्या जोडीनं घरटं केलं. घरटं कसलं, पंधरा काड्या आणि एक वायरचा तुकडा. होला म्हणजे संसारात अगदी ढिसाळ पक्षी. दोन पांढरी अंडी त्यात कशी टिकली, हेच नवल. याएल दिवसभर पडून त्यांच्याकडे बघायची. एक दिवस इस्राएलमधल्या लोदहून माझ्या धाकट्या भावाचा, एलिझरचा, व्हिडिओ कॉल आला आणि तिनं त्याला फोनवर घरटं दाखवलं.

त्याला तिकडे जाऊन पंचवीस वर्षं झाली. इथं होता तेव्हा सणाच्या दिवशी सिनेमाला पळायचा. आता दाढी वाढवून मलाच धर्म शिकवतो. घरटं बघून तो खुर्चीतून उठलाच.

"ताई, तुला कळतंय का हे काय आहे? अशी संधी मिळावी म्हणून लोक इथं महिनोन्‌महिने थांबतात."

मग त्यानं सांगितलं. तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, आज्ञा आहे. घरट्यात आई अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असेल, तर तिच्यासकट ती घ्यायची नाहीत. आधी आईला हाकलायचं, मग अंडी उचलायची. या आज्ञेचं फळ म्हणजे दीर्घायुष्य, तसं तिथं लिहिलंच आहे. शिवाय ज्यांचं मूल टिकत नाही तेही हे करतात.

"आईला का हाकलायचं?" याएलनं विचारलं.

"पिल्लं नेताना तिनं बघू नये म्हणून. दया आहे ती, बेटा," एलिझर म्हणाला.

"नेतोच आहोत, तर दया कसली?" याएल म्हणाली. त्यावर त्याच्याकडे मोठं उत्तर होतं, पण नेमकी तेव्हा रेंज गेली.

मी त्या दिवशी हसले. आमच्या आयांनी कधी घरटी उसकटली नाहीत. अडचण आली की एलियाहू नबीला मलिदा बोलायचा, पोहे, गूळ, नारळ, पाच फळं, झालं. पण तीन वेळा जे झालं ते मी पाहिलं होतं, आणि तिन्ही वेळा मलिदा बोलून झाला होता. मी दुसऱ्या दिवशी एलिझरला स्वतःहून फोन लावला. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि सगळं विचारून घेतलं. हे करीन, माझ्या मुलीचं मूल टिकू दे, असा मी नवसच करून टाकला. आज्ञा आणि नवस यांत फरक असतो, हे एलिझरला सांगता आलं असतं, पण मी त्याला नवसाचं बोललेच नाही.

नियम तसे कठीण नव्हते. पक्षी आपला पाळलेला नको. घरटं आपल्या घरावर असेल तर ते आपलं नाही असं तीन माणसांसमोर बोलायचं. ते मी त्याच संध्याकाळी ओट्यावर उरकलं. शेजारच्या सुलोचनाबाई, त्यांचा पुतण्या नागसेन, जो भाड्यानं गाडी चालवतो, आणि दूध घालायला आलेले लक्ष्मणराव, यांना उभं करून मी मोठ्यानं म्हटलं, "कूलरवरचं घरटं माझं नाही."

सुलोचनाबाई म्हणाल्या, "मंग कोनाचं हाय, सिस्टर?"

"कुणाचंच नाही."

"तुमी बोलल्या म्हून काय होल्याले समजलं का?" लक्ष्मणराव म्हणाले आणि दूध मोजू लागले. आम्ही सगळेच हसलो.

खरी अडचण होती ती वेळेची. होल्यामध्ये नर आणि मादी दोघंही अंड्यांवर बसतात, पाळीपाळीनं. सकाळी नऊ-दहापासून दुपारी चार-पाचपर्यंत नर, मग संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत मादी. दिसायला दोघं सारखीच. आज्ञा आहे ती आईला हाकलण्याची. बापाला हाकललं तर त्याला काही अर्थ नाही. मला हे नीट कळलं नव्हतं आणि बुधवारी मी भर बारा वाजता स्टुलावर चढून पक्षी हाकलला. एलिझर फोनवर म्हणाला, "ताई, तो बाप होता. नाही चालायचं." मी त्याला म्हटलं, तुमच्या देवाला बरं घड्याळ कळतं. तो म्हणाला, "आपल्या देवाला, ताई."

गुरुवारी पहाटे गेले, तर स्टूल फरशीवर करकरलं आणि मादी आपण होऊन उडाली. आपण हाकलायच्या आधी उडाली तर तेही चालत नाही. गुरुवारी संध्याकाळी जयवंताबाई नातवाचा ताप दाखवायला आल्या आणि त्या गेल्या तोवर अंधार पडला. शुक्रवारी पहाटे मी स्टुलावर पाय ठेवला आणि नळ आले. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतात, ते कुणासाठी थांबत नाहीत. मी हंडे भरायला धावले. नंतर आठवतं तेव्हा वाटतं, त्या दिवशी पाणी भरलं नसतं तर आभाळ कोसळणार होतं का? पण घरात बाळंतपण जवळ आलेली मुलगी असताना बिनपाण्याचं घर मला सहन होत नाही.

शुक्रवारी दहा वाजता याएलनं मला खिडकीशी बोलावलं. एका अंड्याला बारीक तडा गेला होता.

"आई, उद्यापर्यंत पिल्लं बाहेर येतील. तू मला शब्द दिलायस."

शब्द दिला होता. तिला हे सगळं आवडलेलं नव्हतं. माझं मन मोडायचं नाही म्हणून ती तयार झाली होती, पण एका अटीवर. अंडी उचल, छातीशी धर, परत ठेव. पिल्लं बाहेर आली की हात लावायचा नाही. शनिवारी तर शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, तो शुक्रवारी सूर्य बुडताच लागतो, तेव्हा हे करायचंच नसतं. म्हणजे उरली होती फक्त शुक्रवारची संध्याकाळ, मादी येऊन बसल्यापासून सूर्य बुडेपर्यंत. जेमतेम दीड तास. मी मनाशी पक्कं केलं की आज काही झालं तरी ही वेळ चुकवायची नाही.

एक वाजता याएल जेवली. वरण-भात, मेथीची भाजी. दीड वाजता कुशीवर पडली. अडीचला मी डोकावले तर डाव्या वाटीत दोन चिंचोके.

"झोपलं असेल," मी म्हटलं. साखरेचं सरबत करून दिलं. तीन वाजता पाहिलं तर तीन चिंचोके. मी पेटीतून जुना कर्णा काढला, ज्यानं पोटावर कान लावून ठोके ऐकतात तो. ठोके होते. हे मी आज शपथेवर सांगते, तीन वाजता ठोके होते. पण ते मला हवे तसे नव्हते. मध्येच मंद होत होते, पुन्हा चढत होते. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी त्या क्षणी पदर खोचला असता.

"आई, जाऊ या का?" याएल म्हणाली. घाबरून नाही, सहज विचारावं तसं विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. वर्ध्याला जायला पाऊण तास, तिथं तपासणीत दोन-तीन तास, म्हणजे परत यायला रात्र. मी म्हटलं, "साडेचार-पाचला होला बदलेल. माझं दोन मिनिटांचं काम आहे. ते झालं की लगेच निघू. तू पड तोवर."

ती बरं म्हणाली. तिनं पुन्हा विचारलं नाही. तीस वर्षं नोकरी केलेल्या आईला कोण दोनदा विचारतं?

तासाभरानं काय बिघडतं, हे वाक्य मी आयुष्यभर बायकांच्या नवऱ्यांच्या आणि सासवांच्या तोंडून ऐकलं होतं. आधी जेवून घेऊ, आधी म्हैस पिळून घेऊ, आधी मामंजींना विचारू. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एका सासूला तर मी हाताला धरून बाजूला केलं होतं. त्या दुपारी तेच वाक्य मी मनात म्हटलं आणि मला ते ओळखूही आलं नाही.

चार वाजता सुलोचनाबाई आल्या. बीपी बघायला त्या रोज येतात. याएलच्या खोलीत गेल्या, वाटी पाहिली आणि बाहेर आल्या. मी मागच्या अंगणात स्टुलापाशी खुर्ची टाकून बसले होते, नजर कूलरवर.

"सिस्टर, तीनच दाने हायेत."

"पाहिलेत मी."

"मंग बसल्या काऊन?"

"पाचपर्यंत थांबायचंय. आमचं एक काम आहे."

सुलोचनाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या सुनेच्या, मयुरीच्या वेळी असंच झालं होतं. चिंचोके चारावर अडकले होते. सुलोचनाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या की उद्या सकाळी नेऊ, आज अमावास्या आहे म्हणून नाही, गाडी नाही म्हणून. मी त्यांना ओट्यावर सगळ्यांसमोर झापलं होतं. मयुरीला त्याच दुपारी नेलं, संध्याकाळी सिझर झालं, नाळ गळ्याभोवती दोन वेढे. तो मुलगा आता चौथीत आहे.

"तुमी मले काय म्हनलं होतं तवा?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "पोटातलं लेकरू घड्याळ पाहून थांबत नाई, सुलोचनाबाई. असं म्हनलं होतं. माह्या अजून ध्यानात हाय. नागसेन घरीच हाय, गाडी काढाले लावू का?"

मला राग आला. माझंच वाक्य मला कुणी ऐकवावं याचा राग, आणि ते खरं होतं याचाही. मी म्हटलं, "आमच्यातलं तुम्हाला काय कळतं? तुम्ही तुमचं बघा."

त्यांचा चेहरा उतरला. पस्तीस वर्षांच्या शेजारात मी असं कधी बोलले नव्हते. आमच्यातलं आणि तुमच्यातलं, हे शब्द आम्हा दोघींमध्ये कधी आलेच नव्हते. त्या निघाल्या. पण घरी गेल्या नाहीत. नागसेनला फोन करून त्यांनी गाडी माझ्या फाटकाशी आणून उभी करायला लावली आणि स्वतः पुढच्या ओट्यावर बसून राहिल्या.

पाच वाजले. होला बदलेना. नर आपला बसून होता, मान आत घेऊन. सव्वापाच झाले. मी दोनदा आत जाऊन आले. याएल पडून होती, हात पोटावर. "एकदा हललं बहुतेक," असं म्हणाली. चिंचोका मात्र तिनं टाकला नव्हता. बहुतेकला चिंचोका टाकायचा नाही, हेही मीच तिला शिकवलं होतं.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी तारेवरून दुसरा पक्षी आला. कूलरच्या कडेला टेकला, नर उठून गेला आणि मादी अंड्यांवर बसली. मी चपला काढल्या, स्टुलावर चढले. या वेळी आवाज झाला नाही. एलिझरनं सांगितलं होतं तसा तळहात वर करून तिच्या पोटाखाली नेला. ऊबदार, मऊ पोट. तिनं पंखानं माझ्या मनगटावर एक फटका मारला आणि उडाली. लांब गेली नाही. बोरीच्या फांदीवर बसून माझ्याकडे बघत राहिली. ती बघू नये म्हणून हाकलायचं, असं एलिझर म्हणाला होता. ती तर सगळं बघत होती.

मी दोन्ही अंडी उचलली. एकातून आतून टोचल्याचं जाणवत होतं आणि कानाजवळ नेलं तर चिवचिव ऐकू आली. मी ती छातीशी धरली आणि मनात म्हटलं, आता माझं राहू दे. मग परत ठेवली. स्टुलावरून उतरते न उतरते तोच मादी येऊन बसली. सूर्य अजून वर होता. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं, वेळेत झालं होतं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी गुणगुणतच हात धुतले. या गुणगुणण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

खोलीत गेले तर याएल उठून बसली होती.

"आई, मघापासून काहीच नाही."

मी कर्णा लावला. डावीकडे लावला, उजवीकडे लावला, बेंबीखाली लावला. माझाच श्वास ऐकू येत होता. याएल माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, म्हणून मी चेहरा हलू दिला नाही. तेवढं मला नोकरीनं शिकवलं आहे. "चल," म्हटलं. "गाडी उभीच आहे."

वाटेत सूर्य बुडाला. शब्बाथ लागला आणि मी गाडीत होते. जीव वाचवायला शब्बाथ मोडावा, तो मोडणं हीच आज्ञा, हे माझ्या आईनं मला पाच वर्षांची असताना सांगितलं होतं. शब्बाथसारखी गोष्ट मोडायला मला क्षणभर विचार करावा लागला नाही. मग एक होला का सोडता आला नाही? नागसेन खड्डे चुकवत चालवत होता. सुलोचनाबाई पुढे बसल्या होत्या, न बोलावता आल्या होत्या. मागे वळून त्यांनी याएलच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, तो वर्ध्यापर्यंत उचलला नाही.

दवाखान्यात लगेच आत घेतलं. तरुण डॉक्टरीण होती, वेळ न दवडणारी. सोनोग्राफीचा पडदा मला दिसत होता. मी हजारदा तसला पडदा पाहिला आहे. जिथं हलायला हवं तिथं हलत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ शोधलं, वरिष्ठांना बोलावलं, त्यांनीही शोधलं. मग मशीनचा दांडा खाली ठेवला.

केसपेपर लिहिताना त्यांनी याएलला विचारलं, "हालचाल कमी झाल्याचं कधी लक्षात आलं?"

याएलनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी तो आयुष्यभर पुरवून वापरला असता. राग नव्हता. ती मला सांभाळत होती.

"साडेपाचला," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी साडेपाच लिहिलं. मी तिथं उभी होते. मला तोंड होतं. तीस वर्षं मी नवऱ्यांना, सासवांना दटावून खऱ्या वेळा काढून घेतल्या होत्या. खोटं सांगू नका, त्यावर पुढचं सगळं ठरतं, असं ओरडले होते. मी गप्प राहिले.

मोकळी व्हायला तिला चौदा तास लागले. कळा आणायच्या सलाइनवर, पूर्ण शुद्धीत. शनिवारी सकाळी नऊच्या पुढे मुलगी झाली. केस भरपूर होते, एझ्रासारखे. याएलनं तिला मागून घेतली आणि बघितलं, नखंसुद्धा बघितली. इथं आमची दफनभूमी नाही. सुलोचनाबाईंनी त्यांच्या शेतातली बांधाजवळची जागा दिली आणि नागसेननं खड्डा खणला. एझ्रा त्या दुपारी पोचला, पण शब्बाथात पुरत नाहीत, म्हणून रविवारी सकाळी पुरलं आणि त्यानं प्रार्थनेतलं जेवढं पाठ होतं तेवढं म्हटलं. मी सुलोचनाबाईंची माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, सिस्टर. आधी पोरीले पाहा."

त्याआधी, शनिवारी शब्बाथ उतरल्यावर, एलिझरचा फोन आला होता. "ताई, साधलं का?"

"साधलं," मी म्हटलं.

"मादीच होती ना? संध्याकाळीच ना?"

"हो. सगळं बरोबर झालं." मग मी त्याला पुढचं सांगितलं. तो रडू लागला आणि मी फोन ठेवला. त्याला मी दोष देत नाही. वाट बघ, असं तो म्हणाला नव्हता. त्याला विचारलं असतं तर तो माझ्यावर ओरडला असता.

सोमवारी याएल घरी आली. कूलरवर दोन्ही पिल्लं बाहेर आली होती. डोळे मिटलेले, अंगावर पिवळे केस, दिसायला कुरूप. संध्याकाळी मादी त्यांच्यावर बसायची, दिवसा नर. एझ्रा म्हणाला, काढून टाकू का ते, तर याएल म्हणाली, "नको. त्यांनी काय केलंय?" मी तिचा बिछाना दुसऱ्या खोलीत हलवला. ती पुन्हा त्याच खोलीत जाऊन झोपली. तिला दूध आलं होतं. मी छातीवर पट्टा बांधून दिला, बांधताना ती माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होती.

"आई, तिनं बघू नये म्हणून तिला हाकलतात ना?" ती म्हणाली. "मला पण कुणी हाकलायला हवं होतं."

मी पट्ट्याची गाठ मारली. मला वाटलं, आता ती बोलेल, दीड वाजल्यापासूनचं सगळं बोलेल, आणि मी ऐकून घेईन. ती एवढंच बोलली.

आठवड्यानं ती दोघं ठाण्याला निघाली. नागसेन गाडी घेऊन आला. एझ्रा कागद फाइलला लावत होता, केसपेपर हातात घेऊन त्यानं वाचला. त्याला हिशोब लागावा असं वाटत असेल बिचाऱ्याला.

"साडेपाचला लक्षात आलं आणि साडेसहाला तुम्ही दवाखान्यात होतात," तो म्हणाला. "म्हणजे क्षणाचाही उशीर नाही. आई, तुमच्या हातून जे होण्यासारखं होतं ते सगळं झालं. तुम्ही होतात म्हणून निदान याएल तरी..." आणि तो माझ्या पाया पडला.

याएल गाडीत बसली होती. काच खाली होती, तिनं सगळं ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान दुसरीकडे फिरवली. गाडी निघाली तेव्हाही तिनं वळून पाहिलं नाही.

घरात आले. तिच्या उशाशी वाट्या तशाच होत्या, उजवीत सात, डावीत तीन. मी त्या हलवलेल्या नाहीत. कूलरवरची पिल्लं महिनाअखेर उडून गेली, दोन्ही जगली. त्यानंतर गावातल्या दोन बायका हालचाल मोजायचं शिकायला आल्या, त्यांना मी सुलोचनाबाईंकडे पाठवलं. त्यांना येतं ते, आणि त्या वेळेवर उठतात.

एझ्राला मी अजून सांगितलेलं नाही. याएलनं माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं आहे आणि ते मोडलं तर तिचा संसारही मोडेल, असं मी स्वतःला सांगते. पण केसपेपर चुकीचा आहे, आणि चुकीच्या केसपेपरवर मी आयुष्यात कधी सही केलेली नाही. म्हणून इथं लिहून ठेवते. हालचाल कमी झाली ती साडेपाचला नाही. अडीच वाजता वाटीत दोन चिंचोके होते, तीन वाजता तीन. ठोके होते. गाडी चारपासून दारात उभी होती.